एका हाताचं काम

६ फेब्रुवारी

चष्म्याच्या कंपनीकडून दुकानात आलेल्या डायऱ्यांतली एक मालकांनी मला दिली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी एक चष्मा छापलाय, नुसताच, डोळ्यांशिवाय. महिनाभर ती कोरी पडून होती. आज उघडली, कारण आज मी जे बोलून बसलेय ते कुणापुढे कबूल करायची सोय नाही. ह्यांना सांगावं तर हे शब्दकोड्यातून मान वर काढून "बरं" म्हणतील आणि पुन्हा आत जातील.

संध्याकाळी लेक आली होती, बरोबर तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई. विहीणबाईंनी मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिवण शिकवलं. येणाऱ्या बाळासाठी त्यांनी झबली शिवून आणली होती. आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली ते कळू नये इतकी सफाई. लेक ती गालाला लावून बघत होती आणि सारखं "आई, हे बघ ना" म्हणत होती. बघून बघून माझ्या तोंडातून गेलं, "मीही करतेय की. क्रोशाचा फ्रॉक. अख्खा लेसचा."

"अख्खा?" विहीणबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. "बारीक दोऱ्याचा?"

"बारीकच. जाड दोरा बाळाला टोचतो."

आजवर मी क्रोशाने केलंय काय? टेबलक्लॉथच्या दोन कडा आणि टेलिफोनवर घालायचं एक झाकण, तेही धुतल्यावर आटलं. जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या हे ऐकून दारातच थांबल्या. मग कप मांडायला लागल्या. घरातला प्रत्येक चांगला रुमाल त्यांच्या हातचा आहे, त्यामुळे मी किती पाण्यात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक. मी घाईघाईने विषय बदलला.

११ फेब्रुवारी

दोरा आणला. पांढरा नाही, सायीच्या रंगाचा. नमुन्यांचं पुस्तकही आणलं. त्यातलं गुबगुबीत बाळ माझ्याकडे बघून हसतंय, हसू दे.

गळा आणि छातीचा वरचा भाग, ज्याला योक म्हणतात, तिथून सुरुवात. साखळी, मग खांब, मग साखळी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली हात चालू. मालकांनी विचारलं, "पायाशी मांजर आहे का?" मी म्हटलं, "नातवंड आहे." ते दिवसभर मजेत होते.

२१ फेब्रुवारी

योक झाला. आणि चक्क चांगला झाला. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "बरं." ह्यांच्याकडून एवढं म्हणजे टाळ्याच.

आता दुसरी गोष्ट. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि डॉक्टरांनी तिला बाळंतपणानंतर जिने नकोत म्हणून बजावलंय. म्हणजे ती बाळासकट आमच्याकडे, तळमजल्यावर येणार. आमच्या खोल्या तीन. बाहेरची, आमची आणि मागची. मागच्या खोलीत जाऊबाई राहतात, थोरले दीर गेले त्याआधीपासून. उजेड आणि वारा सगळ्यात छान तिथेच. मी आज दुकानातून त्यांच्या भाच्याला फोन केला. पंखे दुरुस्त करायचा धंदा आहे त्याचा, भला मुलगा. "मावशीला खुशाल पाठवा," म्हणाला. ह्यांना अजून सांगितलं नाही. जाऊबाईंना तर नाहीच.

वाईट काय आहे त्यात? बाळाला उजेड लागतो. हे वाक्य मी आज मनात इतक्या वेळा म्हटलंय की त्यावरूनच कळावं.

२८ फेब्रुवारी

घेर जमत नाही. योकच्या खालून गोल गोल विणत जायचं आणि टाके वाढवत न्यायचे. शिंपल्यांची नक्षी आहे. पहिल्यांदा घेर नळकांड्यासारखा झाला. उसवला. मग टाके वाढवले तर फुलकोबी झाली. उसवला. उसवून उसवून दोऱ्याला लव आली, तो कापून टाकावा लागला. लेकीचा फोन आला, "आई, फ्रॉक कुठवर आला?" मी म्हटलं, "घेर चाललाय." खोटं नाही म्हणा. चाललाच होता, उलट्या दिशेने.

विहीणबाईंनी तिच्याकरवी निरोप धाडलाय की त्यांना बघायची फार उत्सुकता आहे.

४ मार्च

आज जाऊबाईंना खोलीचं सांगितलं. त्या खिडकीत बसून उशीचा अभ्रा रफू करत होत्या. मी सरळ बोलले नाही, आधी बाळाचं, मग जिन्यांचं, मग उजेडाचं असं फिरून फिरून आले. "तुम्हालाही तिथे बरं पडेल वहिनी, भाच्याकडे माणसांचा राबता असतो, वेळ जातो," असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याला विचारलंस का?"

"विचारलंय."

"म्हणजे ठरलंय," त्या म्हणाल्या. "बरं. बाळ घरी आलं की जाईन. तोवर राहू ना?"

"तोवर राहू ना" असं त्यांनी मला विचारलं. ह्या घरात त्या माझ्या आधी आल्या. मला मान वर करवेना. तरी मी "अहो, असं काय विचारता" म्हणून हसले, आणि ते हसू अजून माझ्या तोंडावर चिकटल्यासारखं वाटतंय.

लेकीला सांगितलं की काकू आपणहून भाच्याकडे जायचं म्हणतेय. ह्यांनाही तेच सांगितलं. हे शब्दकोड्यातून वर बघत राहिले, "बरं" म्हणाले नाहीत.

६ मार्च

लिहायलाही लाज वाटते. काल लिहिलंच नाही म्हणून.

ज्या बाईला परवा घर सोडायला सांगितलं तिच्याच पुढ्यात काल फ्रॉक नेऊन ठेवला. दुसरं कोण होतं? योक त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, "छान झालाय," म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, तेही सोसेना.

"वहिनी, घेर तेवढा कराल? पण कुणाला कळता कामा नये. विहीणबाईंपुढे मी तोंडघशी पडेन. सगळा मीच केला असं वाटलं पाहिजे."

त्यांनी योक मांडीवर पसरला आणि टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या, बराच वेळ. मला वाटलं, आता नाही म्हणतील. तेवढा हक्क होताच त्यांना.

"तू इकडून तिकडे विणतेस ना, उजव्या हाताने?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय. सगळे तसंच विणतात."

सगळे नाही, हे नंतर लक्षात आलं. त्या डावऱ्या आहेत. घरातली कात्री त्यांना चालत नाही, दोरा दाताने तोडतात. कप ठेवतात तेही कान डावीकडे करून, आणि आम्ही सगळे त्यावरून त्यांना चिडवत आलो.

"कळणार नाही," त्या म्हणाल्या. "ठेव."

१५ मार्च

त्या दार लोटून बसतात. आज आत डोकावले तर घाईने काम पदराआड करावं तसं मांडीखाली सारलं. मी ओढून पाहिलं आणि बघतच राहिले. जेमतेम दोन ओळी, त्याही ओबडधोबड, एक टाका ढिला, एक आवळलेला. शाळेतल्या पोरीने केल्यासारखं. ह्याच बाईचे रुमाल लोक मागून न्यायचे.

"वहिनी, अहो, हे काय?"

"सवय लागेल," त्या म्हणाल्या. "उसवणारच होते."

"दिवस फार उरले नाहीत. जमत नसेल तर आत्ताच सांगा."

माझा आवाज चढला होता. दुकानात गिऱ्हाइकाने फ्रेम मोडून आणली तरी मी गोड बोलते. त्यांनी काम माझ्या हातातून घेतलं आणि दोरा ओढून दोन्ही ओळी माझ्यादेखत उसवल्या. वय झालं त्यांचं, हात गेला. उगाच दिलं असं वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली. पण आधी पहिलं वाटलं, मग दुसरं.

२३ मार्च

जेवताना हे म्हणाले, "वहिनी हल्ली चहात साखर उजव्या हाताने ढवळतात."

"म्हातारपणी वळण लागलं असेल," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

जाऊबाईंच्या उजव्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी दिसली. विचारलं तर म्हणाल्या, "चिरताना लागलं." साहजिक आहे. सुरी डाव्या हातात, म्हणजे कापणार उजवंच बोट.

काम कुठवर आलं ते विचारायचं धाडस झालं नाही.

७ एप्रिल

फ्रॉक झाला. मी दुकानातून आले तर माझ्या पलंगावर पसरून ठेवलेला. शिंपल्यांच्या ओळी एकीखाली एक उमलत गेल्यात आणि कडेला बारीक कंगोरे. उचलला तर हातात काही आहे असं वाटेना. माझ्या योकपासून त्यांचा घेर कुठे सुरू झाला तेच मला सापडेना. डोळ्यांत पाणी आलं.

मी मागच्या खोलीत गेले. त्या झोपल्या होत्या, दिवसाढवळ्या, हात उशीवर टाकून. आभार उद्या मानू म्हटलं.

९ एप्रिल

आभार मानायच्या आत लेक आली. फ्रॉक टेबलावर होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि रडायलाच लागली. हल्ली तिला पटकन रडू येतं. "आई, तू केलास हा? तू?" जाऊबाई तिथेच टेबल पुसत होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिल्या.

मी काही बोलले नाही. लेक गळ्यात पडली. ती माझ्या गळ्यात शेवटची कधी पडली होती आठवत नाही. त्या वेळी मी खरं सांगू शकले असते, फ्रॉकवर माझा योक होताच की. पण तिचे हात सुटावेसे वाटेनात.

१६ एप्रिल

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाक आमच्या ह्यांचं, बिचारी. आज दुसरं काही लिहायचं नाही, आज मी फक्त आजी आहे.

२१ एप्रिल

बाळ घरी आलं. मागच्या खोलीत त्या दोघी. जाऊबाई बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतात, भाचा पुढच्या आठवड्यात न्यायला येईल. त्यांचं सामान म्हणजे दोन पिशव्या. त्या कोचामागे अशा ठेवल्यात की कुणाच्या पायात येऊ नयेत.

२६ एप्रिल

आज बाळाला बघायला विहीणबाई आल्या, जावई आला, वरच्या मजल्यावरची मंडळी आली. बाळाला फ्रॉक घातला होता. सगळे एकदम बोलायला लागले.

विहीणबाई बोलल्या नाहीत. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, चष्मा डोळ्यांवर नीट बसवला आणि फ्रॉकची कड उलटी केली. मग गळ्यापासून खालपर्यंत, ओळीमागून ओळ.

"बाई गं," शेवटी म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं तुम्ही कुणाकडून तरी करून घ्याल. माझ्या वर्गातल्या मुली घरून आया-मावश्यांकडून पूर्ण करून आणायच्या ना, मला सवयच लागली. हात बदलला की कळतंच. एकीची आई डावरी होती. तिने पोरीचा घेर पुरा केला, तर वरचे टाके एकीकडे कललेले आणि खालचे दुसरीकडे. गोल विणताना डावरा माणूस उलट्या दिशेने जातो, ते काही केल्या लपत नाही." त्यांनी फ्रॉक सारखा केला. "हे मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एका हाताचं काम आहे. मी मनात शंका घेतली, रागावू नका."

जाऊबाई रिकामे कप गोळा करत होत्या. "हिचा हात पहिल्यापासून एकसारखाच," म्हणाल्या आणि आत गेल्या.

जीव भांड्यात पडला. आता लिहिताना तर हसू येतंय. एवढ्या मोठ्या मास्तरीणबाई, डाव्या हाताचं लपत नाही म्हणतात, आणि डावरीनेच केलेला घेर नाकाखाली धरून बघितला तरी ओळखला नाही. उगाच घाबरत होते मी विहीणबाईंना.

२७ एप्रिल

सकाळपासून एक गोष्ट मनातून जाईना. विहीणबाईंना चुकायची सवय नाही.

दुकानातलं भिंग पर्समध्ये टाकून घरी आणलं. बाळ झोपलं होतं, फ्रॉक दोरीवर वाळत होता. योकची शेवटची ओळ पाहिली, घेराची पहिली पाहिली. टाके सगळे एकाच बाजूला कललेले. मग जाऊबाईंनी पूर्वी केलेला रुमाल कपाटातून काढला आणि भिंगाखाली धरला. त्याचे टाके बरोबर उलट्या बाजूला कललेले.

म्हणजे घेर त्यांनी उजव्या हाताने विणला. अख्खा.

त्या ओबडधोबड ओळी. ते दार लोटणं, उजव्या हाताने साखर ढवळणं, ती चिकटपट्टी. "सवय लागेल." आणि मी त्यांना म्हटलं, जमत नसेल तर आत्ताच सांगा. त्यांच्या स्वतःच्या हाताने तो फ्रॉक आठवड्यात झाला असता. कुणाला कळता कामा नये असं मी म्हटलं होतं, म्हणून ह्या वयात त्या दुसऱ्या हाताने पहिल्यापासून शिकल्या. मी त्यांना घरातून काढत होते तेव्हा.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय. दुसरा शब्द नाही. पानाच्या तळाचा तो चष्मा माझ्याकडे बघतोय, आणि मी त्याच्यावर बोट ठेवून लिहितेय.

२९ एप्रिल

भाचा आला. त्याच्या गाडीत मागे पंखे होते, जाऊबाईंच्या पिशव्या त्याने पात्यांच्या मध्ये नीट बसवल्या. मी दोन दिवस एक वाक्य तयार करत होते. "वहिनी, मला कळलंय." एवढंच. दारात त्या माझ्याजवळ थांबल्या आणि मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "त्या खिडकीतून दुपारी ऊन थेट आत येतं. पडदा ओढत जा, बाळाच्या डोळ्यांवर येईल."

"हो," मी म्हटलं.

झालं. गाडी गेली. घरात आले तर फळीवर सगळे कप मांडून ठेवलेले, सगळ्यांचे कान डावीकडे. शेवटच्या दिवशी तरी त्यांनी ते आपल्या सोयीने ठेवले होते. मी हात लावला नाही. ह्यांनी एक कप काढला, प्यायले, धुतला आणि परत ठेवताना कान डावीकडे केला.

४ मे

मी किती खाली जाऊ शकते ते आज कळलं.

लेकीला मागच्या खोलीच्या कपाटात, वरच्या खणात, कागदात गुंडाळलेलं टोपडं सापडलं. त्याच दोऱ्याचं, तेच शिंपले. जाऊबाईंनी उरलेल्या दोऱ्यातून केलेलं. कुणाला दिलं नाही, सांगितलं नाही, ठेवून गेल्या. लेकीने बाळाला घातलं आणि म्हणाली, "आई, ह्याची नक्षी त्या बाजूला का वळलीय? फ्रॉकची इकडे आणि ह्याची तिकडे."

मला एका नजरेत कळलं. हे त्यांनी स्वतःच्या हाताने केलंय.

"डिझाईनच तसं आहे," मी म्हटलं.

"हेही तूच केलंस?"

"हो."

सगळं माहीत असून, भिंगाने बघून झाल्यावर, हो. कुणी मागे लागलं नव्हतं, विहीणबाई समोर नव्हत्या. त्यांनी एक वस्तू आपली म्हणून केली होती, तीही मी ओढून घेतली. लेक म्हणाली, "किती केलंस गं माझ्यासाठी." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

८ मे

विहीणबाई आल्या. टोपडं बाळाच्या डोक्यावर होतं. त्यांना चष्मा नीट करायचीही गरज पडली नाही.

"हे कुणी केलं? हे दुसऱ्या हाताचं आहे. डावऱ्या."

"नाही हो, आईनेच केलंय," लेक म्हणाली. "तिनेच सांगितलं."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नजर वळवून बाळाच्या पायाशी खेळायला लागल्या. मला वाचवत होत्या त्या. परवापर्यंत हेच हवं होतं मला. आणि मला वाटलं, किती बायांनी मला वाचवायचं?

"मी नाही केलं," मी म्हटलं. "माझ्या जाऊबाईंनी केलंय. त्या डावऱ्या आहेत."

"आणि फ्रॉक?" लेकीने विचारलं.

"योक माझा. बाकी सगळा त्यांचा."

विहीणबाई म्हणाल्या, "शक्य नाही. मी पाहिलाय तो. उजव्या हाताचा आहे."

"उजव्याच हाताने केला. मी सांगितलं होतं, कुणाला कळायला नको."

विहीणबाईंनी फ्रॉक मागवला आणि घेरावर नुसता हात ठेवून बसल्या. "मला नसतं जमलं," हळूच म्हणाल्या. "एवढं शिकवलं मी, पण हे नसतं जमलं."

लेक मात्र भलतंच विचारत होती. "काकू आपणहून गेली म्हणालीस ना, आई?"

ह्याचंही उत्तर द्यावं लागलं. दारात हे उभे होते, त्यांनीही ऐकलं. लेक रडली नाही. तिने टोपडं काढून त्याची घडी केली आणि बाळाला घेऊन मागच्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, "मला त्या खोलीत आता झोप कशी येणार ते सांग."

१३ मे

घरात सगळे माझ्याशी नीट बोलतात. चहा घेतेस का, दिवा घालवू का. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हे आज आपणहून म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. तेव्हाच." मग म्हणाले, "आपण दोघं बाहेरच्या खोलीत झोपू. आपली खोली वहिनींना." मी म्हटलं, त्या येतील कशावरून?

सायीच्या रंगाचा थोडा दोरा उरलाय. टोपड्याला जोड म्हणून मोजे करायचे ठरवलंय. टोपड्यासारखेच, म्हणजे डाव्या हाताने.

१७ मे

सुई धरताच येत नाही. दोरा कुठून येतो आणि कुठे जातो तेच कळत नाही. साखळीसुद्धा गाठी गाठींची होते. बोटाला फोड आलाय, चिकटपट्टी लावली. मालकांनी विचारलं काय झालं. "चिरताना लागलं" तोंडावर आलं होतं. मग म्हटलं, "शिकतेय."

एक मोजा कसाबसा झालाय. मोजा म्हणायचा कारण दुसरं काही म्हणता येत नाही.

२३ मे

आज गेले. भाच्याच्या दुकानामागेच त्याचं घर. जाऊबाईंची खाट भिंतीशी, बाजूला उघडे पंखे आणि तारांची वेटोळी. दोन्ही पिशव्या खाटेखाली होत्या, एक अजून बांधलेलीच. भाच्याच्या बायकोने चहा दिला आणि शहाणी मुलगी बाहेर निघून गेली.

मी सगळं एका दमात सांगितलं. भिंगाचं, टोपड्याचं, त्यावर "हो" म्हटल्याचं, विहीणबाईंपुढे बोलल्याचं. खोलीचंही सांगितलं. चुकलं माझं, असंही म्हटलं.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सांगून टाकलंस? उगाच. एवढी मेहनत केली होती कळू नये म्हणून, सगळी वाया घालवलीस."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या हसत नव्हत्या. मग विचारलं, "टोपडं बसलं का?"

"बसलं. कानांवर थोडं सैल आहे."

"वाढेल ती." आणि मग तोंड फिरवून, पंख्यांकडे बघत म्हणाल्या, "तुला नको म्हणता आलं असतं मला. पण म्हटलं, जायचंच आहे तर बाळाच्या अंगावर काहीतरी राहील माझं. कुणाला माहीत नसलं तरी चालेल. मला माहीत असेल."

मला रडू फुटलं. त्यांनी समजूत काढली नाही, आणि तेच योग्य होतं. रडून झाल्यावर मी पर्समधून मोजा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे कुणी केलंय?"

"मी," मी म्हटलं. "सगळा मीच केलाय."

त्यांनी माझ्या बोटावरची चिकटपट्टी पाहिली. मग दोऱ्याचं टोक शोधून माझ्या हातात दिलं.

"उसव."

मी उसवायला लागले. त्या समोर बसून दोरा गुंडाळत होत्या, डाव्या हाताने. मध्येच मी पुन्हा विचारलं, "वहिनी, घरी कधी येताय?"

"आधी एक मोजा धड होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग बघू."

२६ मे

टाच वळत नाही. उद्या पुन्हा जाते.